रिनोव्हेशनचं कोटेशन बजेटच्या बाहेर गेलंय, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचं काम काढलं की पहिलं कोटेशन हातात पडतं आणि पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही, हे जवळपास सगळीकडे होतं. त्या दोन दिवसांत डोक्यात जे प्रश्न येतात ते इथे घेतलेत. क्रम काही खास नाही, तुमचा जो प्रश्न असेल तिथून वाचा.

कोटेशन बजेटच्या दीडपट आलंय. ठेकेदार लुटतोय का?

असूही शकतं, पण बहुतेक वेळा नाही. बहुतेक वेळा आपलं बजेटच कुठल्याही मोजमापावर बसवलेलं नसतं. "एवढ्यात व्हायला हवं" असा एक आकडा मनात असतो आणि तो कुठून आला विचारलं तर ओळखीच्यांनी चार वर्षांपूर्वी केलेलं काम, नाहीतर व्हिडिओत बघितलेलं काहीतरी, नाहीतर बँकेत जेवढे आहेत तेवढे. या तिन्हीचा तुमच्या घरातल्या भिंतींशी काही संबंध नाही.

म्हणून पहिलं काम हे की एकूण आकड्याकडे बघणं सोडा आणि कोटेशनच्या ओळी वाचा. तुम्ही काय काय करायला सांगितलंय त्याची ती यादी आहे. आकडा कमी करायचा असेल तर खरा फरक यादी बदलून पडतो, रेट पाडून थोडाच पडतो. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं साधारण याच भोवती फिरतं.

पण आम्ही स्वतः हिशोब केला होता, स्क्वेअर फुटाला रेट लावून. मग एवढा फरक कसा?

कारण हिशोब जमिनीच्या क्षेत्रफळावर केलेला असतो आणि काम भिंतींवर चालतं. हे एकदा कागदावर करून बघा. ५ बाय ८ फुटांचं बाथरूम घ्या. जमीन ४० स्क्वेअर फूट. आता भिंती, चारही बाजू मिळून घेर २६ फूट, टाइल्स ७ फूट उंचीपर्यंत लावायच्या म्हणजे १८२ स्क्वेअर फूट, दरवाजा वजा केला तरी १६०च्या वर. म्हणजे जमिनीच्या चौपट टाइल्स भिंतीला लागतायत. वर कापाकापीत वाया जाणारा माल धरायचा, सरळ लावल्या तर साधारण १०%, तिरप्या किंवा डिझाइनमध्ये लावल्या तर १५% पर्यंत.

रंगाचंही तेच. १२ बाय १० ची खोली, उंची ९ फूट. जमीन १२०, भिंती ३९६, आणि सीलिंग वेगळंच.

आणि मग त्या गोष्टी ज्या कुणी मनात धरतच नाही: जुनं तोडणं, राडारोडा खाली नेऊन गाडीने हलवणं, माल वर चढवणं, फरशी आणि दारं झाकणं, प्लास्टर खरवडल्यावर भिंत सरळ करणं, काम झाल्यावरची साफसफाई, कर. एकेक ओळ छोटी दिसते. सगळ्या मिळून छोट्या राहत नाहीत.

तीन कोटेशन्स घेतली, तिघांचे आकडे तीन दिशांना. तुलना कशी करायची?

आहेत तशी करूच नका, कारण ती तीन वेगळ्या कामांची कोटेशन्स असतात. प्रत्येकाला तुम्ही तोंडी सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या परीने ऐकलं. एकाने बाथरूमचं जुनं प्लास्टर काढून नवीन वॉटरप्रूफिंग धरलं, दुसऱ्याने जुन्या टाइल्सवरच नवीन टाइल्स चिकटवायच्या धरल्या, आणि तिसऱ्याने लिहिलंय "बाथरूम, संपूर्ण, लमसम" (म्हणजे ओळी न पाडता सगळ्याची एकच रक्कम) आणि पुढे एक गोल आकडा. त्या "संपूर्ण" मध्ये नळ आहेत का, गीझरचा पॉइंट आहे का, दरवाजा आहे का, ते फक्त त्यालाच माहीत, आणि कधीकधी त्यालाही नाही.

करायचं असं की तुम्ही स्वतः एक कामाची यादी बनवा. खोलीनुसार. प्रत्येक ओळीत काय काम, किती माप, कुठला माल, माल कोण आणणार. फॅन्सी काही नको, साधा तक्ता पुरे. मग तीच यादी तिघांना पाठवा आणि सांगा की याच ओळींसमोर रेट भरून द्या, तुम्हाला काही जास्तीचं वाटत असेल तर खाली वेगळं लिहा. जो भरून देतो तो काम समजून घेतोय. जो "अहो एवढं काय लिहायचं, करून देतो ना" म्हणतो त्याच्याशी नंतर प्रत्येक ओळीवर वाद होणार आहे, हे आत्ताच धरून चाला.

यादी भरून आली की गंमत दिसते. जो सगळ्यात महाग वाटत होता त्याच्या यादीत इतरांनी सोडलेल्या पाच गोष्टी असतात. मापं पण तपासा हं, एकाने भिंतींचं क्षेत्रफळ दारं-खिडक्या वजा करून धरलेलं असतं, दुसऱ्याने न करता, आणि रेट दोघांचा सारखाच दिसतो. काही जण ओट्याचा रेट रनिंग फुटात (म्हणजे नुसत्या लांबीवर) देतात तर काही स्क्वेअर फुटात, तेव्हा ते दोन आकडे शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही, आधी एका मापात आणा.

सगळ्यात स्वस्त आहे त्यालाच देऊन टाकू का?

बाकीचे दोघं जवळपास असतील आणि एकटाच खूप खाली असेल तर आधी विचारा की तुम्ही काय नाही धरलंय. तीन शक्यता असतात. काहीतरी सुटलंय, किंवा माल हलका आहे, किंवा आत शिरून मग एक्स्ट्रा लावायचा बेत आहे. चौथी पण असते, की माणूस नवीन आहे आणि त्याला काम हवंय. ती चांगली शक्यता, पण मग त्याने आधी केलेलं एक तरी काम प्रत्यक्ष जाऊन बघा, फोटो नको, आणि त्या घरच्यांना एवढंच विचारा की शेवटचं बिल पहिल्या कोटेशनपेक्षा किती वाढलं होतं आणि का.

घासाघीस करावी का?

करा, पण कशावर करताय ते बघा. ठेकेदाराचा ऑफिसखर्च आणि नफा मिळून साधारण १० ते २० टक्क्यांच्या घरात असतो, म्हणजे तुम्ही ३०% कमी करा म्हणून अडून बसलात आणि त्याने "ठीक आहे" म्हटलं, तर ते पैसे त्याच्या खिशातून जाणार नाहीयेत, ते तुमच्या भिंतीतून जाणार आहेत. रंगाचा एक हात कमी, पुट्टी पातळ, वायर एक साइज खाली. दिसत काहीच नाही.

त्यापेक्षा हे विचारून बघा: "माझ्याकडे एवढेच आहेत. यात तुम्ही स्वतःच्या घरी काय केलं असतं आणि काय सोडलं असतं?" अनुभवी माणसाला हा प्रश्न आवडतो. तो लगेच दोन-चार गोष्टी सांगतो ज्या आपल्याला सुचल्या नसत्या, की हा दरवाजा बदलू नका नुसता पॉलिश करा, ही भिंत तोडलीत तर वरची वायरिंग पण सगळी हलेल, वगैरे.

रेटवर खरी सूट मिळते ती अशा ठिकाणी जिथे त्याचाही काही फायदा असेल. तुम्हाला घाई नाही, त्याच्या दोन कामांच्या मधल्या रिकाम्या वेळात केलं तरी चालेल. पेमेंट ठरल्या दिवशी मिळेल. घर रिकामं आहे, दिवसभर काम चालू ठेवता येईल, रोज संध्याकाळी सगळं आवरून जायची भानगड नाही. या गोष्टी बोलून दाखवा, त्यांना किंमत आहे.

ठेकेदाराला आपलं बजेट आधीच सांगावं का? मग तो तेवढ्यालाच बसवेल ना?

ही भीती सगळ्यांना असते. माझं मत असं की एक रेंज सांगावी, आणि तीही अचानक निघणाऱ्या खर्चासाठीची राखीव रक्कम बाजूला काढून उरलेल्या पैशांची. काहीच सांगितलं नाही तर तो अंदाजाने मधला माल धरतो, तुम्ही दचकता, पुन्हा पहिल्यापासून, दोन आठवडे गेले. ओळीनुसार कोटेशन घेणार असाल तर तो "बसवेल" तरी कुठे, प्रत्येक ओळ उघडी आहे. लमसम घेणार असाल तर मात्र तोंड बंद ठेवलेलं बरं.

बरं, मग कापायचं काय? नेमकं सांगा.

सगळ्यात आधी लेआउट. ज्या गोष्टी जिथे आहेत तिथेच ठेवा. पैसे सगळ्यात जास्त इथे वाचतात आणि लोकांना हेच सगळ्यात शेवटी सुचतं. उदाहरणार्थ कमोड. "इकडून जरा तिकडे" म्हणायला सोपं, पण त्याच्या पाइपला उतार लागतो, मीटरला २ ते अडीच सेंटिमीटर. ३ मीटर लांब नेलात तर फक्त उताराचे ६ ते साडेसात सेंटिमीटर झाले, वर पाइपची स्वतःची जाडी १० ते ११ सेंटिमीटर. खाली स्लॅब असेल आणि पाइप खालून नेता येत नसेल तर बाथरूमची जमीन एवढी उचलावी लागते. म्हणजे भराव, वॉटरप्रूफिंग, दाराशी पायरी, आणि दार छोटं करणं. "जरा तिकडे" या दोन शब्दांनी चार ओळी वाढल्या. किचनचं सिंक हलवणं त्या मानाने सोपं, पण तिथेही पाइप, नळ आणि टाइल्स तीन माणसांचं काम वाढतं.

भिंत पाडणं हे दुसरं. भार घेणारी असेल तर इंजिनिअर बघणार, तात्पुरते टेकू, वर बीम, आणि हे सगळं करून मिळणार काय तर "मोकळं मोकळं वाटतं". बऱ्याचदा रुंद दरवाजाची चौकट किंवा नुसता रंग आणि लाइट बदलून तेवढंच मोकळं वाटतं. नसेल वाटत तर पाडा, पण मग दुसरीकडे कापा.

टाइल्सची उंची. वरचं बाथरूमचंच उदाहरण घ्या, शॉवरच्या कोपऱ्यात पूर्ण उंची ठेवा आणि बाकी भिंतींना ४ फुटांपर्यंतच लावून वर ओलाव्याला टिकणारा रंग द्या. दिसायलाही वाईट नाही. आणि टाइल्स खूप मोठ्या साइजच्या घेऊ नका, मोठ्या टाइलला भिंत आणि जमीन जास्त सपाट लागते, उचलायला दोन माणसं लागतात, त्यामुळे टाइल स्वस्त मिळाली तरी लावायची मजुरी वाढते.

किचनची कपाटं. आतला सांगाडा चांगल्या स्थितीत असेल, म्हणजे खालची कड फुगलेली नाही, बिजागऱ्यांचे स्क्रू पकड धरतायत, तर फक्त शटर (कपाटाची दारं), हँडल आणि वरचा ओटा बदला. सिंकखालचा एक बॉक्स बहुतेक वेळा सडलेलाच असतो, तो तेवढा नवीन करा. आणि नवीनच करत असाल तर ड्रॉवर मोजा. ड्रॉवर हे साध्या शटरपेक्षा बरंच महाग पडतं कारण प्रत्येकाला चॅनेल (ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या) लागतात. सगळीकडे ड्रॉवर हवेत असं वाटतं, पण वापरात रोज येतात ते तीन-चार.

फॉल्स सीलिंग. मला विचाराल तर वायर किंवा पाइप झाकायचे नसतील तर पूर्णच उडवा. हे माझं वैयक्तिक मत आहे, घरातल्यांशी भांडण झालं तर माझं नाव सांगू नका.

नळ, लाइट, हँडल, आरसे हे मधल्या रेंजमधलं घ्या, कारण ते नंतर कधीही तोडफोड न करता बदलता येतं.

आणि अजिबात कापू नये असं काय?

जे टाइलच्या किंवा प्लास्टरच्या मागे जातं ते सगळं. वॉटरप्रूफिंग, पाइप, वायरिंग, अर्थिंग, भार घेणाऱ्या भागाचं काम. नळ बिघडला तर नळ बदलतो, भिंतीतला पाइप गळला तर टाइल्सपासून परत सुरुवात.

एक फुकटची गोष्ट सांगते. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावायच्या आधी ड्रेन बंद करून पाणी भरून ठेवायला सांगा, कमीत कमी २४ तास, शक्यतो ४८. पाण्याची पातळी पेनाने भिंतीवर मार्क करा आणि खालच्या मजल्याचं सीलिंग बघून या. याला पैसे लागत नाहीत, फक्त दोन दिवस लागतात, आणि घाईत असलेला ठेकेदार नेमके हेच दोन दिवस वाचवतो. कोटेशनच्या यादीतच ही ओळ लिहून टाका म्हणजे नंतर वाद नको.

टप्प्याटप्प्याने केलं तर स्वस्त पडेल का?

एकूण बघितलं तर थोडं महागच पडतं. माणसं दोनदा येणार, राडारोडा दोनदा, धूळ दोनदा, आणि रेट तोवर वाढलेले. पण आज तेवढे पैसे नसतील तर कर्ज काढण्यापेक्षा हे बरं. फक्त टप्पे खोलीनुसार पाडू नका, कामानुसार पाडा. पहिल्या टप्प्यात तोडफोडीचं आणि भिंतीतलं सगळं, म्हणजे अख्ख्या घराची वायरिंग, पाइप, प्लास्टर. दुसऱ्यात फर्निचर, फॅन्सी लाइट, सजावट.

पुढे कधीतरी एसी किंवा इलेक्ट्रिक शेगडी घ्यायची असेल तर आत्ता वायर टाकू नका हवं तर, पण रिकामा पाइप भिंतीत टाकून त्यात एक ओढायची दोरी सोडून ठेवा. भिंत उघडी असताना त्याला फारसा खर्च नाही. आणि सगळं बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, बाजूला टेप धरून, म्हणजे पुढच्या वेळी ड्रिल कुठे मारायचं नाही ते कळेल.

माल आम्ही स्वतः आणला तर किती वाचतं?

ठेकेदार मालावर जे काही टक्के लावतो ते वाचतात. त्या बदल्यात काय येतं ते पण ऐका. माल कमी पडला तर काम थांबणार आणि बसलेल्या माणसांची मजुरी तुम्ही देणार. तुटला तर तुमचा. गळला तर तो म्हणणार तुमचा नळ खराब होता, दुकानदार म्हणणार बसवताना घोळ झाला.

म्हणून मधला मार्ग. टाइल्स, नळ, सॅनिटरी, लाइट, जे तुम्हाला डोळ्याने बघून निवडायचंच आहे ते तुम्ही आणा. सिमेंट, वाळू, पाइप, वायर, वॉटरप्रूफिंगचा माल, चिकटवायचं मटेरियल हे त्याच्याकडेच ठेवा, फक्त कंपनी आणि ग्रेड यादीत लिहून घ्या, कारण तिथे काम आणि माल दोन्हीची जबाबदारी एकाच माणसावर असायला हवी. टाइल्स एकदमच घ्या, चार-पाच जास्तीच्या घेऊन ठेवा, नंतर त्याच शेडच्या मिळत नाहीत.

स्वतः हाताने काय करता येईल?

रिकामं करणं, जुनी कपाटं आणि फिटिंग उतरवणं, वॉलपेपर काढणं, रंग, साफसफाई. रंगात खरी मेहनत घासणं आणि पुट्टीत असते, रोलर फिरवणं हा शेवटचा आनंदाचा भाग, त्यामुळे "रंग आपण करू" म्हणताना घासणार कोण ते आधी ठरवा.

वीज, गॅस, वॉटरप्रूफिंग आणि भार घेणाऱ्या भिंती यांना हात लावू नका. आणि घर जुनं असेल तर तोडफोड स्वतः करायच्या आधी थांबा, जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत, पाइपांवरच्या आवरणात, काही जुन्या फ्लोअर टाइल्समध्ये ॲसबेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतं आणि जुन्या रंगात शिसं. ते कोरडं घासून किंवा फोडून उडवलं तर श्वासातून आत जातं. शंका असेल तर आधी तपासून घ्या.

राखीव रक्कम किती ठेवायची?

नवीन घर आणि वरवरचं काम असेल तर १०%. जुनं घर, भिंती उघडणार असाल तर १५ ते २०%. आणि ही रक्कम बजेटच्या आतली, वरची नाही. म्हणजे बजेट १०० असेल आणि १५ राखीव, तर तुम्हाला ८५ चं कोटेशन हवंय. लोक १०० चं कोटेशन आणतात आणि म्हणतात बसलं बजेटमध्ये. नाही बसलं.

राखीव रक्कम भिंतीत निघणाऱ्या ओलीसाठी असते. मध्येच आवडलेल्या महागड्या टाइलसाठी नाही.

कोटेशनमध्ये काही ओळींसमोर "अंदाजे" लिहिलंय. ते चालतं का?

काही ठिकाणी चालतं, कारण टाइल्सच्या खाली काय निघेल हे कुणालाच माहीत नसतं. पण "अंदाजे" च्या ओळी किती आहेत ते मोजा. निम्मं कोटेशन अंदाजे असेल तर ते कोटेशन नाही, शुभेच्छापत्र आहे. प्रत्येक अशा ओळीला विचारा की हा आकडा कशावर धरलाय. "टाइल्स, अंदाजे" असेल तर स्क्वेअर फुटाला कुठला रेट धरलाय ते लिहून घ्या, कारण तिथे मुद्दाम अगदी खालचा रेट धरून एकूण आकडा गोंडस दाखवायची पद्धत जुनी आहे. तुम्ही दुकानात गेलात की तेवढ्यात काहीच मिळत नाही, आणि फरक तुमच्या नावावर.

लमसम घ्यावं की मोजमापावर?

काम छोटं आणि स्पष्ट असेल तर लमसम, सोबत काय काय आहे त्याची यादी. काम मोठं असेल तर मोजमापावर, आणि शेवटचं माप दोघांनी मिळून टेप धरून घ्यायचं. तिसरा प्रकार असतो, जेवढा खर्च होईल तेवढा अधिक वर काही टक्के. बजेट तंग असणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये, इथे खर्च वाढला की ठेकेदाराची कमाईही वाढते. घ्यायचंच असेल तर वरची मर्यादा लिहून घ्या.

आर्किटेक्ट किंवा डिझायनरची फी वाचवली तर?

नुसते रंग-टाइल्स असतील तर वाचवा. भिंती, प्लंबिंग, किचनची मांडणी बदलणार असाल तर एकदा तरी पैसे देऊन प्लॅन काढून घ्या. पूर्ण देखरेखीची फी परवडत नसेल तर फक्त ड्रॉइंग आणि मापांची यादी एवढंच काम देता येतं का विचारा, बरेच जण करून देतात. ती यादी हातात असली की वरचा कोटेशन तुलनेचा अर्धा त्रास तिथेच संपतो.

कमी पडतायत तेवढ्यासाठी कर्ज काढू का?

छप्पर गळतंय, वायरिंग धोकादायक आहे, घरात वयस्कर माणूस आहे आणि बाथरूम घसरडं आहे, तर हो, थांबून चालणार नाही. ओट्यावर दगड जरा भारी हवा म्हणून, नको. अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे यात घालू नका, आणि घराचं काम आहे म्हणून क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम फिरवू नका, तिथलं व्याज भयंकर असतं.

पेमेंट कसं ठरवायचं म्हणजे पैसे हाताबाहेर जाणार नाहीत?

तारखांवर नाही, टप्प्यांवर. ॲडव्हान्स थोडा, माल आणण्यापुरता. मग तोडफोड आणि राडारोडा हलवून झाल्यावर, भिंतीतलं काम आणि पाण्याची टेस्ट झाल्यावर, टाइल्स झाल्यावर, असं. शेवटचे ५ ते १०% सगळ्या बारीकसारीक गोष्टी पूर्ण झाल्याशिवाय द्यायचे नाहीत. एक दार घासतंय, एक स्विच वाकडा आहे, या गोष्टी पूर्ण पैसे मिळालेला माणूस करायला येत नाही, त्यात त्याचा स्वभाव वाईट असतो असंही नाही, त्याचं पुढचं काम सुरू झालेलं असतं.

काम सुरू झाल्यावर एक्स्ट्रा लागत जातं. ते कसं आवरायचं?

एकच नियम: लिहिल्याशिवाय नाही. ठेकेदार म्हणाला "आता उघडलंच आहे तर हे पण करून घेऊ का?", तर उत्तर "मेसेज करा, किती वाढेल आणि किती दिवस वाढतील". मेसेजवर तुमचं हो गेल्यावरच काम. तोंडी हो म्हणू नका, आणि घरातल्या दुसऱ्या कुणीही म्हणू नये, कारण दुपारी साइटवर कुणीतरी "हो चालेल" म्हणतं आणि बिलात ते उगवतं.

प्रत्येक एक्स्ट्राची एक वही किंवा शीट ठेवा, राखीव रकमेतून वजा करत. अर्ध्या कामात अर्ध्याहून जास्त राखीव संपली असेल तर उरलेल्या यादीतून काहीतरी काढायची वेळ आली.

घरातच एकमत होत नाही, कुणाला किचन हवंय कुणाला बाथरूम.

प्रत्येकाने वेगवेगळ्या कागदावर तीन गोष्टी लिहा, ज्या नाही झाल्या तर काम काढण्यातच अर्थ नाही. दुसऱ्याचं न बघता. मग कागद उघडा. जे दोघांच्या यादीत आहे ते पक्कं. एकाच्याच यादीत आहे त्यावर बोला. कुणाच्याच यादीत नाही आणि तरी कोटेशनमध्ये आहे, असं बरंच काही सापडतं, आणि ते कापताना कुणालाही वाईट वाटत नाही.

सध्या थांबलो आणि वर्षभराने केलं तर?

रेट खाली येतील या आशेवर थांबू नका, मजुरी सहसा खाली येत नाही. पैसे साठवायला थांबत असाल तर ठीक, पण गळती असेल तर तेवढी आत्ताच बंद करा. आणि कोटेशनला मुदत असते, साधारण ३० दिवस, खाली बारीक अक्षरात. नंतर जुनं कोटेशन दाखवून तोच रेट मागता येत नाही.

बाकी दोघांना नाही कसं कळवायचं?

कळवा, एवढंच. लोक फोन उचलणं बंद करतात. त्यांनी घरी येऊन मापं घेतलीत, तास-दोन तास घालवलेत, तर एक सरळ मेसेज बनतो: "काम दुसरीकडे दिलंय, यादी सविस्तर भरून दिलीत त्याबद्दल आभार." आकडे सांगू नका, कुणाला दिलं तेही सांगू नका. काम दिलेला माणूस मध्येच सोडून गेला, आणि तसंही होतं, तर दुसरा फोन यांनाच करावा लागणार आहे.